‘आम्ही काय फडावर जाऊन शिकवायचं का?’

प्रश्न : मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यातून एका केंद्रप्रमुख बाईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांच्या केंद्रात अकरा शाळा. बहुतेक शाळांच्या पटावर ऊसतोड कामगारांची मुलं, दोन शाळांत बंजारा तांड्यांवरची आणि एका शाळेत पारधी वस्तीवरची. शाळा सुरू होताना त्यांनी शिक्षकांसाठी दिवसभराचं प्रशिक्षण घेतलं. पीपीटी, ऊसतोडीवरची एक चित्रफीत, गटकार्य, तक्ते. काहींच्या डोळ्यांत पाणीही आलं. महिनाभरानं शाळाभेटीला गेल्या, तर पारधी वस्तीवरचा मुलगा शेवटच्या रांगेत एकटाच बसलेला, आणि तांड्यावरच्या मुलीबद्दल बाई सांगत होत्या, “ती बोलतच नाही.” आढावा बैठकीत एक ज्येष्ठ गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, संवेदनशीलता आम्हाला शिकवू नका. आईबापच पोरं घेऊन जातात. आम्ही काय फडावर जाऊन शिकवायचं का?” बाकीच्यांनी बाकं वाजवली. आता त्या विचारतात : शिक्षकांना संवेदनशील करायचं तरी कसं? बाहेरच्या एखाद्या संस्थेला बोलवू, की सुधारत नाहीत त्यांना नोटिसा काढू? आणि वरच्या कार्यालयाला अहवालात लिहू काय? केंद्रातल्या शिक्षकांची पुढची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, पोळ्यानंतर आहे.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात कामाचं वाटलं ते गुरुजींचं वाक्य. तुम्हाला ते झोंबलं, साहजिक आहे. बाकं वाजल्यावर कुणालाही झोंबेल. पण टोमणा बाजूला ठेवून ते परत वाचा. दसऱ्यानंतर मूल जातं, मार्च-एप्रिलमध्ये येतं. मधले पाच-सहा महिने ते शिक्षकासमोर नसतंच. आल्यावर मात्र त्याची अध्ययन पातळी शिक्षकाच्या नावावर मोजली जाते. शाळा बहुतेक द्विशिक्षकी, म्हणजे एका माणसाकडे दोन-दोन वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरायची ती वेगळीच. हा माणूस विचारतोय, की मी नेमकं काय करू? आणि त्याला उत्तर म्हणून एक चित्रफीत दाखवली गेली, जिच्यातलं सगळं त्याला आधीच माहीत होतं. तो त्याच गावात राहतो ना.

म्हणून तुमच्या पहिल्या गृहीतकापाशीच थोडं थांबू या. शिक्षकांना मुलांबद्दल वाटत नाही, आणि वाटायला लागलं की वागणं बदलेल, असं तुम्ही धरून चालला आहात. प्रशिक्षणाच्या दिवशी ज्यांचे डोळे भरून आले, त्यांना वाटतच होतं. त्यांच्याच वर्गात तो मुलगा अजून शेवटच्या रांगेत बसलाय. तेव्हा अडलंय ते वाटण्यापाशी नाही. सकाळी साडेदहाला वर्गात शिरल्यावर काय करायचं, हे कुणी करून दाखवलेलं नाही, आणि करून पाहताना सोबत कुणी उभं राहिलेलं नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणांचा अभ्यास केला होता. त्यांचं म्हणणं असं, की ऐकलेलं सोडाच, प्रात्यक्षिक पाहिलेलं आणि तिथल्या तिथे करून पाहिलेलंसुद्धा वर्गात फारसं उतरत नाही. नंतर वर्गात कुणी सोबत करत राहिलं, तरच ते टिकतं. आपल्याकडे २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं शिक्षकांना वर्षाला ५० तास प्रशिक्षण सांगितलंय. ते तास मोबाइलवर व्हिडिओ पुढे ढकलत कसे भरतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यात अजून आठ तासांची भर घालू नका.

दुसरं गृहीतक पत्रात उघड लिहिलेलं नाही, पण जाणवतं. जे शिक्षक स्वतः अशा घरांतून आलेत, त्यांना तरी कळायला हवं, असा तुमचा सूर आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील, अशी मागणी होती. नांगर किंवा सुताराचा तासणी-वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटू नये, असंही त्यांनी म्हटलं होतं. आज तुमच्या केंद्रातल्या कितीतरी शिक्षकांच्या आईबापांनी शेतमजुरी केलीय, कुणाच्या कोयताही धरलाय. फुल्यांची मागणी निदान एवढ्यापुरती पुरी झाली म्हणा. पण त्यातलेच काही जण सगळ्यात कडक असतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. “आम्ही नाही का शिकलो? आम्हाला कुणी शिक्षण हमी कार्ड दिलं होतं?” हा माणूस निर्दयी नाही. आपण निसटलो ते स्वतःच्या जिद्दीवर, हे त्याच्या आयुष्याचं भांडवल आहे, आणि तुमची पीपीटी त्यालाच हात घालते. त्याला सहानुभूतीवर व्याख्यान देऊ नका. त्याला विचारा, तुम्ही शाळेत टिकलात ते कोणामुळे? कोण काय बोललं होतं, कुणी काय केलं होतं? एखाद्या गुरुजींनी घरी येऊन आजीला समजावलं होतं, कुणी परीक्षेची फी भरली होती, असं काहीतरी निघतंच. त्याच गोष्टी फळ्यावर लिहायला लावा. त्यांच्यातूनच निघालेली ती यादी पाहिल्यावर संवेदनशीलता वेगळी शिकवावी लागणार नाही.

आता परिषदेत करायचं काय? मी एकच गोष्ट करेन, पण नीट करेन. एप्रिलमध्ये परत आलेल्या मुलीची वर्गातली पहिली दहा मिनिटं.

समजा, चौथीतली मुलगी आहे. उसाच्या पाचटानं हात चिरलेत, केस उन्हानं लालसर झालेत, कडेवर धाकटा भाऊ. दारात उभी आहे. गुरुजी म्हणतात, “काय गं, आलीस का? आम्हाला वाटलं लग्न झालं तुझं.” वर्ग हसतो. गुरुजींच्या मनात काही वाईट नसतं, ही त्यांची माया करायची रीत असते. पण ज्या पट्ट्यात शाळा सुटलेल्या मुलींची लग्नं खरोखर उरकली जातात, तिथे त्या मुलीला या वाक्यातून काय ऐकू जातं? मग तिला पुस्तक देऊन “वाच” म्हणतात. तिला येत नाही, पुन्हा हशा. चौथ्या दिवशी ती येत नाही, आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी लागते.

परिषदेत हा प्रसंग उभा करा. एका शिक्षिकेला मुलगी करा, एका शिक्षकाला गुरुजी. आधी नेहमी होतं तसंच होऊ द्या. लोक हसतील, हसू द्या. मग तीच दहा मिनिटं दुसऱ्यांदा करा, तिसऱ्यांदा करा. भावाला घेऊन आत ये म्हणायचं की नाही? अंगणवाडी शेजारीच असेल तर तिथे कोण सोडेल? कुणाशेजारी बसवायची? पहिला प्रश्न कोणता विचारायचा? ही मुलगी फडात मोळ्या मोजून गाडी किती भरली याचा अंदाज बापाइतकाच देते. तेव्हा मोळ्यांवरून सुरुवात केली तर तिचं गणित नेमकं कुठपर्यंत आलंय हे पाच मिनिटांत कळतं. पुस्तकावरून केली तर काय येत नाही तेवढंच कळतं. शिक्षक आपसात वाद घालतील. कुणी म्हणेल, वर्गात फडाचा विषय काढला की तिला आणखी लाज वाटेल. बरोबर आहे, काहींना वाटेल. मग सगळ्यांसमोर विचारायचं, की खिचडीच्या वेळी बाजूला घेऊन? प्रशिक्षण म्हणजे हाच वाद. तो घडायला अख्खी दुपार गेली तरी जाऊ द्या.

आणि त्या गुरुजींना या सत्राचं निमंत्रण वेगळं द्या. “तुमचा प्रश्न मला सुटत नाहीये, तुमच्या शाळेतलं एक मूल घेऊन बोलू या,” असं म्हणा. खोटं बोलायची गरज नाही, तो प्रश्न तुम्हाला खरंच सुटलेला नाही.

‘बोलतच नाही’ त्या तांड्यावरच्या मुलीबद्दल थोडं. ती घरी बोलते, तांड्यावर बोलते, भांडते, गाते. गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलते. जी आईला ‘याडी’ म्हणते तिच्यापुढे पहिल्या दिवसापासून प्रमाण मराठीच येत असेल, तर गप्प राहणं हाच शहाणपणा आहे. शिक्षकानं भाषा शिकून घ्यावी, असं मी म्हणत नाही. पण भूक लागली, दुखतंय, लघवीला जायचंय, समजलं नाही, मला घरी सोडा, एवढं तरी त्याला मुलाच्या बोलीत कळायला हवं. पारधी मुलांच्या बोलीत गुजरातीची छटा असते, कान थोडा तयार केला की पुष्कळसं लागतं. हे शिकवायला तांड्यावरची बारावी झालेली एखादी मुलगी किंवा वस्तीवरचा मुलगा बोलवा. इतर तज्ज्ञांना मिळतं तसं मानधन त्यांनाही द्या आणि खुर्ची पुढे द्या. शाळेतल्या मुलांना मात्र परिषदेत उभं करून “बोलून दाखव” म्हणू नका, कधीच.

शेवटच्या रांगेतल्या मुलाचं प्रकरण निराळं आहे. त्याला भूमिकानाट्याचा उपाय नाही. त्यामागे आहे ती जात, तिला जातच म्हणू या. १८७१च्या कायद्यानं इंग्रजांनी जन्मावरून अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण वर्गात पेन हरवलं की पहिलं दप्तर अजून त्याच मुलाचं तपासलं जातं. इथे शिक्षकाचं मन बदलायची वाट बघत बसलात, तर मूल तोवर शाळा सोडून गेलेलं असेल. इथे नियम करा, आणि तो सगळ्या अकरा शाळांना सारखा. बसायची जागा दर आठवड्याला फिरती, सगळ्यांची. वस्तू हरवली तर कुणाचंही दप्तर तपासायचं नाही. मुलाला जातीच्या नावानं हाक नाही, गमतीतही नाही. शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्यानं वाचायची नाही. खिचडीची पंगत एकच. मन मागून बदललं तर उत्तम, नाही बदललं तरी मुलाच्या वाट्याला पुढची रांग येते.

इथेच तुमच्या नोटिशीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. वंचित गटातल्या मुलाशी भेदभाव होऊ नये, ही जबाबदारी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ८ आणि ९ नं शासन आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला कलम १७ नं सरळ बंदी आहे. कुणी मारतंय, वेगळं बसवतंय, जातीवरून बोलतंय, तर आधी तोंडी समज आणि तरी चालूच राहिलं तर लेखी कारवाई. तिथे कचरू नका, मग तो शिक्षक संघटनेत कितीही वजनदार असो. पण कुणी प्रेमळ नाही, उत्साही नाही, बैठकीत उलट बोलतो, यावर नोटीस काढलीत तर पुढच्या बैठकीत तुमच्याशी खरं कुणी बोलणार नाही. सगळे माना डोलावतील, आणि वर्गात काय चाललंय हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

संस्थेला बोलवायचं का? जी तुमच्या तालुक्यात आधीपासून वस्त्यांवर काम करते तिला जरूर बोलवा. भाषण, बॅनर आणि फोटो यासाठी येणार असतील तर नको. त्यांना एकच विचारा, वर्षभर दोन शाळांत महिन्यातून एकदा तासाला येऊन बसाल का? पुष्कळदा इथेच उत्तर मिळतं.

तास कुणीतरी घ्यायचा तर पहिला तुम्ही घ्या. अकराही शाळा एकदम धरू नका, तीन धरा, त्यातली एक त्या गुरुजींची. निरीक्षणाचं रजिस्टर गाडीतच राहू द्या. “आज चौथीला मी शिकवते, तुम्ही त्या दोन मुलांकडे बघा, ती कधी मान वर करतात ते टिपा,” असं सांगा. तुमचा तास रंगला तर चांगलं, फसला तर त्याहून चांगलं. मग जे बोलणं होईल ते साहेब आणि कर्मचारी यांच्यातलं नसेल.

“आईबापच घेऊन जातात” याबद्दल शिक्षकांशी स्पष्ट बोला. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते, आणि पैसे फिटेस्तोवर मुकादमाला नाही म्हणता येत नाही. मागे आजी असेल तर मूल राहतं, नसेल तर जातं, आणि थोरली मुलगी तर धाकट्याला सांभाळायला म्हणून हमखास जाते. यात शिक्षणाची किंमत नसण्याचा भाग फार थोडा. उचल पावसाळ्यातच घरात आलेली असते, त्यामुळे दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिक्षकानं घरी जाऊन “पोरीला ठेवा” म्हणणं म्हणजे उपदेश करून परत येणं. तुमची परिषद पोळ्यानंतर आहे, हे फार बरं झालं. थोडा अवधी आहे. प्रत्येक शाळेनं जाणाऱ्या घरांची यादी आताच करावी. कोण मागे राहणार, कुणाकडे राहणार, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव कधी जायला हवा, ते उशिरा सुरू झालं तर पहिले पंधरा दिवस ही मुलं जेवणार कुठे. जी जाणारच आहेत त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड, म्हणजे दुसऱ्या शाळेत दाखवायचं मुलाच्या पातळीचं कार्ड, आणि त्यावर पातळी खरी लिहिलेली. सगळ्यांना सरसकट ‘वाचता येते’ लिहिलेली कार्डं पाहिली, की माझं डोकं फिरतं. कोणत्या कारखान्याच्या हद्दीत चाललेत ते विचारून तिथल्या जवळच्या शाळेचा नंबर मिळवा आणि इथल्या शिक्षकानं तिथल्या शिक्षकाला एक फोन करावा. दाखला हातात नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कायद्यातच आहे, पण फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहणाऱ्या आईला ते कुणी सांगत नाही. गुरुजींना फडावर जायची गरज नाही, त्यांचा हा एक फोन फडापर्यंत पोचतो. मूल तिकडे शाळेत गेलंच, असं नाही. बरीच जात नाहीत. पण महिन्यातून एकदा वर्गातल्या मुलांनी त्याला फोनवर हाक मारली, तर एप्रिलमध्ये दारात उभं राहताना त्याचे पाय इतके जड होत नाहीत.

एक गोष्ट तुमच्या पत्रात आलेली नाही, पण येणार आहे. शिक्षकानं मुलांशी नीट बोलायला सुरुवात केली की मुलं सांगायला लागतात. बाप मारतो हे सांगतात, फडावर कुणी हात लावला ते सांगतात, दिवाळीनंतर लग्न ठरलंय तेही सांगतात. त्या क्षणी शिक्षकानं समुपदेशक व्हायचं नाही आणि चौकशी अधिकारीही व्हायचं नाही. ऐकायचं, “तू सांगितलंस ते बरं केलंस” म्हणायचं, कुणाला सांगणार नाही असं खोटं वचन द्यायचं नाही, आणि त्याच दिवशी पुढे कळवायचं. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणं हा २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे, हे अजूनही पुष्कळ शिक्षकांना ठाऊक नाही. बालविवाह रोखण्यासाठी गावपातळीवर ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) जबाबदार अधिकारी आहेत. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. परिषदेत अर्धा तास देऊन प्रत्येक शाळेकडून एक कागद भरून घ्या. ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, आशा, पोलीस ठाणे, बाल संरक्षण कक्ष, ज्याच्या त्याच्या नावापुढे नंबर. नंबर तिथल्या तिथे लावून पाहायला सांगा, निम्मे बंद निघतील. आणि त्या कागदावर स्वतःचाही नंबर लिहा. असलं काही ऐकून शिक्षक रात्री झोपत नाही, तेव्हा त्यालाही फोन लावायला कुणीतरी लागतं.

वीटभट्टीजवळच्या किंवा शहरातल्या बांधकामाच्या वस्तीतल्या शाळांमधून हे वाचणाऱ्यांनी फक्त महिने बदलून घ्यावेत. जाण्यायेण्याचं वेळापत्रक वेगळं असतं. दारात पुन्हा उभं राहणारं मूल तेच.

राहिला अहवाल. नमुन्यात ‘प्रशिक्षित शिक्षक संख्या’ असा रकाना असणार. तो मुकाट्यानं भरा, त्याच्याशी भांडण्यात शक्ती घालवू नका. खाली एक पान जोडा, कुणी मागितलेलं नसलं तरी. तीन शाळांतल्या स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक मुलासाठी एक ओळ. सप्टेंबरात पातळी काय होती, जानेवारीत मूल कुठे आहे, शेवटचं बोलणं कधी झालं, एप्रिलमध्ये परत आलं का, आल्यावर पहिल्या आठवड्यात किती दिवस बसलं. नावाऐवजी पटावरचा अनुक्रमांक घाला, म्हणजे ती पानं कुठे फिरली तरी मुलांचं गुपित राहील. गुरुजींच्या शाळेचं पान त्यांनाच भरायला द्या.